प्रॉम्प्टरची वही

त्या वर्षी जत्रेला तलवारीचं नाटक नको, म्हणाला गुणो मास्तर,
लिसेंस मिळायचं नाही.
त्याच्यापाशी एक पोर्तुगीज पुस्तक होतं,
वाळवीनं शेवटाकडून खात आणलेलं.
त्यातून त्यानं एक राजघराणं काढलं,
ज्यूंचं, रोमच्या मुठीतलं,
आणि सावईवेऱ्याच्या मांडवात मराठीत उभं केलं.

हेरोदिश झाला सगुणबाब, सुपारीचा व्यापारी.
राणी मारियाना म्हणजे दुलबा,
फेरीबोटीवर तिकिटं फाडायचा,
कमरेत बारीक, आवाजात किंचित तंबाखू.
तिचा धाकटा भाऊ, सतरा वर्षांचा महापुरोहित,
आरिश्तोबुलु.
नाव कुणाच्या जिभेवर बसेना, सगळे बुलू म्हणत.
बुलूचं काम शांबाला.
मी विंगेत. गुडघ्यावर वही, हातात बॅटरी.

मुकुट बिस्किटांच्या डब्याचा,
आतून कंपनीचं नाव अजून वाचता यायचं.
तो चढवून सगुणबाब म्हणाला,
"डोकं माझं. हे मात्र रोमहून आलंय."
मागे चटईवर कुणीतरी हसलं,
मग सगळीच हसली.
खुर्चीतला रेजिदोरही हसला,
थोडा उशिरा.

दुसऱ्या अंकात सण.
बुलू पांढऱ्या झग्यात वेदीपाशी येतो
आणि लोक रडू लागतात,
तो आजोबांसारखा दिसतो म्हणून,
जुन्या, आपल्या राजांसारखा.
राजा लोकांचे डोळे बघतो.
मास्तरनं तिथं लिहिलं होतं:
इथं कुणी काही बोलू नये.

तिसऱ्यात तळं.
शांबाच्या आईचीच निळी साडी,
दोन टोकांना दोन पोरं, हलवत.
सैनिक पोहता पोहता त्याचं डोकं दाबतात,
हसत, गंमत म्हणून,
पुन्हा, आणि पुन्हा.
साडी थांबली.

फळ्यांखालून सरपटत तो माझ्यापाशी यायचा होता,
चौथ्या अंकात प्रेत व्हायला.
आला नाही.
बॅटरी मारली तर खाली सुपारीची सोलं
आणि झगा,
घडी घालून ठेवलेला.

प्रेताच्या जागी आम्ही भाताचं पोतं झाकलं.
दुलबा त्यावर असा कोसळला
की शिवण उसवली.
समोर शांबाची आई बसली होती,
पदराच्या गाठीत खाजं, त्याच्यासाठी.
तिला कळलं असावं. ती उठली नाही.

चार दिवसांनी शिपाई आले.
पोरगा कुठल्या वाटेनं गेला?
मी वही उघडून दिली.
"साहेब, यात तो परत येत नाही."
एकानं पान उलटं धरून वाचलं.
दोन थपडा बसल्या. वही परत मिळाली.

साडी आईनं धुऊन ठेवली,
नेसली नाही, कुणाला दिली नाही.
देवळाच्या तळीवरून जायची वाट मात्र सोडली.
कुळागरातून वळसा घालून पाणी आणायची,
तो सरहद्दीपलीकडे जिवंत आहे
हे माहीत असूनही.

बासष्टच्या मेमध्ये आला, मिशा घेऊन.
वीजखात्यात लागला, पोट सुटलं.
पलीकडचं कधी बोलला नाही,
आणि आम्ही विचारलं नाही.

गेल्या जत्रेला, दोघांचेही दात काढून झालेले,
देवळाच्या पायरीवर त्यानं विचारलं,
"त्या नाटकाचं पुढं काय झालं रे?"

सांगितलं.
राजानं तुझ्या बहिणीलाही मारलं.
मग महालभर तिला हाका मारत फिरला,
नोकरांना म्हणाला, जा, बोलावून आणा तिला.
पुढची पानं वाळवीनं खाल्लेली,
मास्तरला शेवट ठाऊक नव्हता,
पडदेवाला पोरगा झोपलेला.
सगुणबाब हाका मारतच राहिला, मारियाना, मारियाना,
पेट्रोमॅक्स विझला तरी.
माझ्याकडे वळून बघायचा, पुढलं वाक्य दे म्हणून.
वहीत पुढलं वाक्य नव्हतं.

शांबा बराच वेळ पायरीवरची शेवाळ नखानं खरवडत होता.
मग म्हणाला,
"माझ्या जागी पोतं ठेवलंत, त्यात भात कुठला होता?"
"उकड्याचा."
"हं," म्हणाला.