शेवटचा हात

काचेवर सोन्याचे वीस कण, एका रांगेत.
गाराझीनं अंतरं आखली पहाटेपर्यंत:
लांब, जवळ, लांब, जवळ, लांब.
जवळचे जोडीनं नांदतात.
टोकाचे दोघे बिनजोडीचे.

खाली दोनोस्तियाचा समुद्र, सिरिमिरीत पुसट.
पडदे ओढून तिनं लेझर सोडला.
त्या एका रंगाला मधल्या अठरांनी थारा दिला नाही,
तो टोकांना जाऊन बसला.

"तेरावा कण वाकडा पडलाय," कोल्दोबिका म्हणाला,
"काच फेकून देऊ."
तिनं फेकली नाही.
कण वाकडा, ठिपका तिथल्या तिथे.
लांब-जवळचा क्रम मोडत नाही तोवर
मध्ये कुणी डगमगलं तरी चालतं,
एवढं ती वहीत लिहिते, आणि पेन थांबतं.

ओयार्तझुनच्या चौकात हाताहातांमध्ये रुमाल,
नाचणाऱ्यांची साखळी.
पहिल्याला मान, तसाच शेवटच्यालाही.
मावशीचा पाय मुरगळला मधेच,
साखळी हेलकावली, तुटली नाही.
आणि शेवटी बाबा:
एका हातात रुमालाचं टोक,
दुसरा मोकळा, हवेत,
सगळ्या गावाचे डोळे त्या हातावर.

धातू उजेड पिऊन टाकतो,
पापणी हलायच्या कितीतरी आधी.
मागून आलेला पुन्हा तिथंच बसतो.

यंदा बाबांच्या जागी कोण उभं राहील,
आईनं काल फोनवर विचारलं होतं.
गाराझी लेझर बंद करते.
अंधारात डावा हात
जरा उचलून बघते.