नोंद: वारा

दोर्दोय बाजारात, बिश्केकच्या उत्तरेला,
जहाजांचे लोखंडी डबे एकावर एक रचून केलेली दुकानं,
आणि आमच्या खिशात
दोन लग्नांच्या चित्रीकरणाचे अठ्ठावन्न हजार सोम.

सिरगाकला लेन्स हवी होती.
मी म्हटलं, धूसर चित्र लोक चालवून घेतात,
त्याला स्वप्न म्हणतात, आठवण म्हणतात;
खरखर ऐकू आली की उठून चहा टाकायला जातात.
तो काही बोलला नाही.
लेन्स खाली ठेवली त्यानं,
झोपलेलं मांजर ठेवावं तशी.

मेल्स नावाचा म्हातारा दुकानदार
(चार पुढाऱ्यांच्या आद्याक्षरांचं नाव,
आता चौघांचं ओझं एकटाच वाहतो)
हेडफोन माझ्या डोक्यावर चढवून म्हणाला, बोल काहीतरी.
मी म्हटलं, एक, दोन.
ऐकू आलं ते असं:
शेजारच्या दुकानातली कॅल्क्युलेटरची बटणं,
कुणीतरी बशीत फुंकलेला चहा,
आणि तीन म्हणण्याआधीचं माझं अडखळणं.
माइक घेतला.
बॅटरीचं झाकण रबरबँडनं बांधलेला रेकॉर्डरही घेतला.
वाऱ्यासाठी बोटभर खोट्या केसांचं टोपरं
मेल्स चार हजारांना म्हणाला,
तेव्हा मात्र आम्ही उठलो.

सिरगाकच्या आईनं तिच्या जुन्या कोटाची कॉलर कापून दिली.
माइक मार्मोटसारखा दिसू लागला. फोटो काढले.

संकलनासाठी नवं काही उरलं नाही.
शाळेतून मोडीत निघालेला लॅपटॉप,
त्याचा पंखा असा घोंघावायचा की
फ्रिजवर ठेवावा लागे, दुसऱ्या खोलीत, लांब वायर ओढून.
आधी हलक्या प्रती काढायच्या, त्यांवर कात्री चालवायची,
रात्री एक्सपोर्टला लावून झोपायचं,
सकाळी बघायचं: एकाहत्तर टक्के.

खिंडीतल्या हवामान केंद्रात सुयुमकान एजे
एकतीस वर्षं, दर तीन तासांनी,
बूट चढवून बाहेर जाते आणि वारा लिहून ठेवते.
आम्ही तिला स्टोव्हजवळ बसवून बोलतं केलं.
नवऱ्याबद्दल, लांडग्यांबद्दल,
रेडिओवरून आकडे सांगता सांगता
पलीकडच्या आवाजाशी जडलेल्या मैत्रीबद्दल,
त्या माणसाला ती कधी भेटली नाही.

घरी आल्यावर चौदा दिवस फुकट मिळणारं सॉफ्टवेअर उतरवलं,
आणि एकेका वाक्यामागचा घोंगाट
तांदळातले खडे वेचावेत तसा वेचून काढला.
आवाज इतका स्वच्छ झाला,
आमचा आम्हालाच अभिमान वाटला.

वसंतात दाखवायला गेलो.
तिनं रुमालावरूनच हेडफोन लावले,
डोळे मिटून थोडं ऐकलं, आणि विचारलं,
ही कुठे बसून बोलतेय?
तुमच्याच खोलीत, एजे.
नाही, म्हणाली. माझ्या खोलीत एवढा वारा पडत नाही.
तिनं कपाटातून वह्या काढल्या.
निर्वात, शून्य, असं
एकतीस वर्षांत मी अकरा वेळाच लिहिलंय.
त्यातल्या एका रात्री झोपच आली नव्हती.

सिरगाक माझ्याकडे बघेना, मी त्याच्याकडे.

मूळ फाइल रेकॉर्डरमध्येच होती,
रबरबँडच्या भरवशावर.
परत आल्यावर आम्ही वारा पुन्हा घातला,
आधी अगदी खाली, मग थोडा वर,
मग ती वाक्य संपवून थांबते तिथे पूर्ण मोकळा.
लॅपटॉपला दोन रात्री लागल्या.

लेन्स अजून मेल्सकडेच आहे.
सिरगाक अधूनमधून बघून येतो.

निघताना तिची त्या दिवसाची नोंद मी वाचली होती, चित्रीकरणाच्या:
दुपारी तीन. वायव्य. सेकंदाला चौदा मीटर.
खाली पेन्सिलीनं, नियमात न बसणारं:
पाहुणे दोन. त्यांच्याकडे एक केसाळ जनावर. ऐकतं.