सातव्या दिवसाचं कूपन

सांवेर रोडवरच्या डेअरीत
कैलास पाटीदार पाइप उघडून धरतो,
म्हणतो, दीदी, चेहरा देख लो.
बघते. स्टीलमध्ये माझं नाक जरा पसरट,
मागे ट्यूबलाइट, आणि त्याचं हसू.
रात्री कॉस्टिक फिरवलंय, पाऊण तास,
मग आम्ल, मग कढत पाणी.
दुधाचा वाससुद्धा नाही.

मी कापसाचा बोळा फिरवते, दहा बाय दहा सेंटिमीटर,
आधी आडवा, मग उभा, मग तिरका.
आई ओटा पुसायची तसा नव्हे:
ती पुसायची घालवायला,
मी पुसते न्यायला.

प्लेटवर चार ठिपके उगवले. चार.
"समाधानकारक" लिहून घरी जाता आलं असतं.

पण बोळ्याबरोबर येतात ते
मुळात निघायच्याच तयारीतले.
राहायला आलेले असे येत नाहीत.
आधी एकजण टेकतो, मग त्याच्या आडोशाला दुसरा,
मग अंगातूनच पाक काढतात, एकतारी,
आणि त्याखाली शांतपणे संसार.
आमचे पणजोबा ग्वाल्हेरहून इंदुरात आले ते असेच,
चार दिवसांसाठी म्हणून.
(ही उपमा मॅडमना आवडली नसती. पुसते.)

म्हणून कूपनं. रेशनची नव्हेत,
रुपयाएवढ्या स्टीलच्या चकत्या,
वळणावरच्या गॅस्केटशेजारी सात बसवल्या.
रोज एक काढायची, हलक्या हाताने विसळायची.
हलक्या हाताने, शरयू मॅडम शिकवून गेल्या,
जोर लावलास तर तू तुझाच हात मोजशील.

मग जांभळा रंग, पंधरा मिनिटं.
जे चिकटून आहे ते सगळं जांभळं होतं,
जिवंत, मेलेलं, नुसता पाकसुद्धा.
रंगाला तेवढं कळत नाही.
माझी बोटंही जांभळी, रामबागेत भाच्याच्या मुंजीत
नलूमावशी म्हणाली, अगं, मतदान कधी झालं?

एक चकती भोपाळला पाठवली, मोठ्या सूक्ष्मदर्शकासाठी.
त्यांनी ती वाळवली, वर सोन्याचा मुलामा दिला.
आपल्या सराफ्यात दिवसा सोनं, रात्री खाणं,
इथे दोन्ही एकाच चकतीवर.
फोटो देखणा आला. सोन्याच्या कांड्या,
त्यांच्यामधून आटलेल्या पाकाचे धागे.
घर बघायला गेलो होतो,
बघायच्या आधी घरच वाळवून टाकलं.

सातव्या दिवसाचं कूपन मी नळीत टाकून
ध्वनीच्या टबात ठेवलं, पाच मिनिटं.
कानाला काही ऐकू येत नाही,
दाढेत मात्र शिरशिरी.
नंतर पातळ करत करत प्लेटवर पसरलं, दोन दिवस थांबले.

चौरस सेंटिमीटरला तीन लाख.
आणि हे तीन लाखही फक्त
ज्यांना आमचं जेवण मानवलं ते.
बाकीचे ताटावरून रुसून उठलेले,
जिवंत असतील,
मोजणीत नाहीत.

कैलासला आकडा सांगितला. तो हसला नाही.
पाना आणला, गॅस्केट काढलं, उलटं केलं,
काठाखाली अंगठा घालून फिरवला
आणि तर्जनीवर चोळत राहिला.
चिकना है, म्हणाला.
इस मोड़ पे दूध सुस्ताता है, दीदी.
मुझे तो दो महीने से लग रहा था.

मग सांगितलं का नाहीस?
किसको? त्याने विचारलं,
आणि पाइपच्या आत बघू लागला.

अहवालात "पद्धत" असा रकाना असतो.
बोळा, रंग, ध्वनी, प्लेटवरची मोजणी, सगळं नीट भरलं.
खाली पेन्सिलीने लिहिलं: अंगठा, पाटीदार.
आकड्याच्या जागी काय लिहावं ते सुचेना,
रेघ मारली.

नवं गॅस्केट गुरुवारी आलं. काळं, रबराच्या वासाचं.
बसवण्याआधी त्याने काठावरून अंगठा एकदा फिरवला,
मी घड्याळ बघून वहीत वेळ लिहिली,
दिवस शून्य,
आणि वरच्या टाकीतून दूध सुटलं.