टाळी कुठे वाजवायची

सान होआकिनच्या खोऱ्यात, आमच्या गावात
सिनेमावाले आले अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात,
टोमॅटोचे ट्रक कॅनरीकडे निघून गेल्यावर,
म्हणजे माणसं रिकामी असताना.
माणशी दोन डॉलर आणि एक सँडविच.
गोठ्यातल्याच कपड्यांत या, म्हणाले,
तरी आई रात्रभर आमच्या कॉलरींना इस्त्री करत बसली.

कोर्टाच्या पायऱ्यांवर उभा होता तो नट,
गव्हर्नर व्हायला निघालेला, बाह्या दुमडलेल्या,
आणि बोलत होता पाण्याबद्दल:
पाट तुमच्या दारावरून जातो
आणि थांबतो त्यांच्या बागेत.
पाण्याला उतार कळतो, असं शिकलो होतो आपण.
इथे त्याला आडनाव कळतं.

‘आडनाव’ आलं की टाळ्या, असं सांगितलं होतं.
पहिल्यांदा आम्ही लवकर वाजवल्या.
दुसऱ्यांदा वरून विमान गेलं.
चौथ्यांदा बेर्नार्दाला हसू आवरेना.
असं अकरा वेळा.
अकराव्या वेळी माझा बाप, अवेलिनो बेतेंकूर,
चाळीस गाई, आटलेली एक विहीर,
टाळी विसरला आणि रडला.
दिग्दर्शक शिडीवरून उतरून धावत आला,
बापाचा हात हातात घेऊन विचारलं,
हे कसं जमलं तुम्हाला?
बापाचं इंग्रजी बेताचं. तो म्हणाला, थँक यू.

पुढे सिनेमाला बक्षिसं मिळाली.
गावच्या थिएटरात लागला तेव्हा
बापाचा चेहरा तीन सेकंद, भिंतीएवढा.
मी पाच वेळा गेले. पाचही वेळा तीनच.
पहिल्या रांगेत होबार्ट क्रिल,
पाटबंधारे मंडळाचा अध्यक्ष,
ज्याच्या खरबुजांना ऑगस्टातही तहान ठाऊक नव्हती,
रुमालाने डोळे टिपत होता.
ढोंग नव्हतं ते. मी जवळून पाहिलंय.
पडद्यावरच्या चोरांवर तो मनापासून चिडला होता.

मग निवडणूक आली.
क्रिल त्याच पायऱ्यांवर, बाह्या दुमडून,
कोट ड्रायव्हरच्या हातात,
म्हणाला, पाट तुमच्या दारावरून जातो.
माणसं एकमेकांकडे बघायला लागली.
मागे कुणीतरी खुदकन हसलं.
आम्हाला पाठ होतं, शब्द न् शब्द.
खोटं बोलतोय एवढंच नव्हे,
ते कुठून उचललंय तेही माहीत होतं.
तो ‘आडनाव’ म्हणाला
आणि जरा थांबला.

अकरा वेळा शिकवलं होतं आम्हाला.
हात आपोआप वर गेले.
लवकर नाही, उशिरा नाही,
ना विमान, ना हसणं,
एकाच माणसाच्या हातून वाजावा तसा कडकडाट.
सिनेमातही इतका चांगला झाला नव्हता.

तुम्हाला वाटेल, माझ्या बापाचे हात खिशात होते.
मीही पुढे कितीतरी वर्षं तसंच सांगितलं,
नवऱ्याला, मुलांना.
चर्चच्या बातमीपत्रात तसं छापूनही आलं.

घरी येताना तो गाडीत बोलला नाही.
पाटाच्या पुलावर थांबला.
खाली भेगाळलेला गाळ, त्यात एक टायर.
तळवे लाल झाले होते, ते पँटला पुसले
आणि माझ्याकडे न बघता, पोर्तुगीजमधून म्हणाला,
या वेळी तर दोन डॉलरसुद्धा नाहीत.