शिनोळीला भरायचं राहिलं

पाटणे फाट्यालाच दिवा लागला होता,
पिवळा, शेंगदाण्याएवढा.
दस्तगीर म्हणाला, मालक, शिनोळीत भरून घ्या की ओ.
मी म्हणालो, हद्द ओलांडू दे, पलीकडं स्वस्त आहे.
किती स्वस्त ते सांगितलं नाही.
त्याला ठाऊक होतं, माझी वही तोच लिहितो.

मी काटे दुरुस्त करतो.
काजूच्या कारखान्यातले, बाजारातले, हलकर्णीच्या एका सोनाराचा.
इतकी वर्षं काट्यांशी वागून एवढंच कळलंय
की काटा शून्यावर आला
म्हणजे पारडं रिकामं असतंच असं नाही.
थोडं काहीतरी चिकटून राहतं,
गुळाचं, पिठाचं.
त्या थोड्यावर मी आजवर बराच लांब आलोय.

मागं वीस-वीस किलोची आठ वजनं, शिक्का मारलेली.
हीच खातायत पेट्रोल, दस्तगीर म्हणाला,
कुणाच्या तरी दारात उतरवू.
मी गप्प.
किलो हिकडंही हजार ग्रॅमचा, तिकडंही,
खरं माझा परवाना फक्त हिकडचा.
ही वजनं कुणाच्या दारात ठेवून
काय सांगणार होतो मी?

शिनोळीचा पंप आला.
नळी खांद्यावर टाकून उभ्या पोरानं हात केला,
मीही केला, लग्नाला निघाल्यासारखा.

मग ती जागा, जिथं डांबर बदलतं.
डोळे मिटून बसलेल्यालाही कळतं:
चाकं जरा वेळ खरखरतात,
मग एकदम हळू आवाजात बोलू लागतात,
आणि पाट्यांवरची अक्षरं गोल होतात.

बाचीच्या पंपाला दोरी बांधलेली.
पुठ्ठ्यावर खडूनं दोन ओळी.
मला आकडे वाचता येतात, अक्षरं नाहीत,
जन्म इथंच गेला तरी.
चार माणसांत हे मी छाती काढून सांगतो.
दस्तगीरनं काच खाली करून वाचलं,
टँकर उद्या,
आणि काच हळूच वर घेतली.

उतार लागला तसं इंजिन बंद केलं.
वडील असंच करायचे स्कूटरवर.
सपाटीला ती थांबली की तिला आडवी करायचे,
कानात पाणी गेलेल्या पोराला हलवावं तशी हलवायचे.
कुठून तरी दोन थेंब पुढं यायचे
आणि आम्ही घरी पोचायचो.

ओमनी आडवी करता येत नाही.

तुरमुरीच्या अलीकडं थांबली.
हिसका नाही, आवाज नाही.
बोलता बोलता एखाद्यानं विसरावं
काय सांगायचं होतं, तशी.
दोन्ही बाजूंना रताळ्याचे वेल,
आणि आम्ही दोघं एकशे साठ किलो लोखंड ढकलत.

मोटरसायकलवाला आपणहून थांबला.
गवंडी. नाव यल्लोजी.
पिशवीतून लेव्हलची नळी काढली,
तीच, पाण्यानं भिंतींची उंची जुळवायची,
एक टोक टाकीत, एक तोंडात.
ओढलं, थुंकला, बाटलीत सोडलं.
बाटली भरली तसा तोंड पुसत म्हणाला,
कुठला भाव लावू, हिकडचा की तिकडचा?
आणि स्वतःच हसला.
दस्तगीर माझ्याकडं न बघता हसला.

मी शंभराची आणि वर एक दहाची काढली.
ठेवा ओ, म्हणाला.
आमची आई बसते रताळी घेऊन, शनिवारी.
तिचा तराजू एका अंगाला ओढतोय.
कुणाच्या अंगाला, मी विचारलं.
तिच्याच.
जरा थांबून म्हणाला,
दुरुस्त करू नका एकदम. नुसतं बघा.

गाडी चालू झाली. दिवा तसाच.
काटा होता तिथंच होता.
हिंडलगा आलं तरी
दस्तगीरच्या मांडीवर वही उघडी.
पेट्रोल, एक लिटर, एवढं लिहून झालं होतं
आणि भावाच्या रकान्यावर
पेन टेकवून तो बसला होता.