साडेतीन वार

गलबत बुडालं ते आम्हाला नऊ दिवसांनी कळलं.
कोंतम चौकातल्या दलालाचा फोन आला, आधी जुन्या हिशोबाचं बोलला,
मग म्हणाला, मल्लेशम, ते तुझं चिनी गिऱ्हाईक,
त्याची नाव गेली.

नायनाने माग बंद केला.
शेजारचे सोळा माग चालूच होते, त्यामुळे
शांतता वगैरे काही झाली नाही.

शंभर वर्षांची नाव. तीन डोलकाठ्या,
नाळेवर रंगवलेले दोन डोळे, वाट चुकू नये म्हणून.
कुणा म्हाताऱ्याने डागडुजी करून ती पुन्हा पाण्यात घातलेली,
आणि त्याला शीड सुतीच हवं होतं, नायलॉन नको,
जुन्या पद्धतीचं, जाड, दोन पदरी पिळाचं.
चादरीच्या मागावर असलं कोण विणणार?
नायनाने विणलं. फणी दोनदा बदलली, एक धोटा फुटला,
त्या दिवाळीला घरात नवं काही आलं नाही.
समुद्र त्याने पाहिला नव्हता. अजूनही नाही.
त्याच्या माहितीतलं मोठं पाणी म्हणजे हिप्परग्याचा तलाव,
तोही मे महिन्यात चिखल.

आठ महिने हिंडून ती परत निघाली होती.
घर एका रात्रीवर.
तेलाच्या टँकरने तिला मधोमध कापलं
आणि टँकर थांबला नाही.

"माणसं?" आईने विचारलं. मांडीवर सूप, हातात अर्धी वळलेली विडी.
वाचली. अकराच्या अकरा.
"मग झालं की," म्हणाली, आणि दोरा गुंडाळला.
नायनाने वेगळंच विचारलं:
"शीड फाटलं का?"
दलालाला ते माहीत नव्हतं.

रात्री त्याने माळ्यावरून उरलेला तुकडा काढला, साडेतीन वार.
बादलीत मूठ मूठ करत अर्धा किलो मीठ ओतलं,
तुकडा बुडवला, वर वरवंटा ठेवला.
आमच्याकडे नळाला पाचव्या दिवशी पाणी येतं.
घरात मोजून सहा बादल्या.
त्यातली एक समुद्र.

आई दोन दिवस गप्प. तिसऱ्या दिवशी
तेलुगूत जे बोलली ते मराठीत नीट येत नाही.
तो रोज सकाळी एक धागा उपसायचा,
दोन बोटांत धरून कानापाशी ताणायचा.
काय ऐकायचा, कुणास ठाऊक.

पाचव्या दिवशी, पहाटे पावणेतीनला, पाणी आलं.
आईने बादली मोरीत उपडी केली, कापड पिळलं,
आणि न धुता त्यातच तेंदूची पानं गुंडाळली, मऊ राहावीत म्हणून.

शनिवारी कारखान्यात छाटणीवाल्याने
तिच्या दोनशे विड्या बाजूला काढल्या.
एक ओठाला लावून म्हणाला, अंबव्वा, खारट लागतायत.
घरी येऊन तिने ते सांगितलं,
किती पैसे कापले तेही सांगितलं.

"खारट?" नायनाने विचारलं.
मग पुन्हा एकदा, "खारट?"
आणि जन्मात विडी न ओढलेल्या त्या माणसाने
तिच्यापुढे हात केला,
एक दे म्हणून.