पाटकरी

राजाराम बंधारा पाण्याखाली गेला
तेव्हा मी उद्यमनगरात, तिसऱ्या मजल्यावर,
छत्तीस मेगाहर्ट्झ वाटत बसलेलो.

आंबेवाडीच्या बोटीला दोन हवेत.
कुणाचे काढू?
गगनबावड्याकडची शाळा आज बंदच;
तिचे काढले.
पंपाचे काढले. त्याचा फोन आला, शिव्या आल्या.

आप्पा पाटकरी होते.
रात्री बॅटरी घेऊन दारं मोडायचे, बांधायचे,
म्हणायचे, पाणी सगळ्यांचं असतंय,
पाळी एकाचीच.

ढग दाटला की सिग्नल पातळ होतो,
पॉवर वाढवली तर शेजारचा चॅनल बोंबलतो.

पहाटे सव्वाचारला बोटीतून तुटक आवाज:
"सायेब... म्हस बी हाय... घिऊ काय?"

"माणसं किती?" मी विचारलं.
उत्तराच्या मधोमध ढग आला.

दसरा चौकातलं एक एटीएम
अजून जागं होतं.
ते झोपवलं.